डॉसनांची भावकी

आमच्या आप्पांना डॉसन गोळा करायचा नाद होता. बेळगावच्या शहापुरात कुणाला कबुतरांचा नाद, कुणाला भजनाचा, कुणाला कुस्त्यांचा. आप्पा, म्हणजे कल्लाप्पा बुगड, दिवसभर खड्डामागावर बसून लुगडी विणायचे आणि कान मात्र जगात कुठे नवा डॉसन निघालाय का, इकडे लावलेले. यापायी ते आईची बोलणी खायचे, गल्लीत त्यांची चेष्टा व्हायची, आणि मी मास्तरीण व्हायला ट्रेनिंग कॉलेजात गेल्यावर तर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तेव्हाची मी आज मला भेटली, तर तिच्या एक थोबाडीत ठेवून देईन.

सुरुवात माझ्या जन्मापासूनची. साल १९१२. माझी आई दुर्गाबाई दोन दिवस अडली होती. सुईणीनं हात टेकले. तेव्हा टांगेवाला रवळू गोऱ्या पलटणीच्या कॅम्पातल्या मिशनच्या दवाखान्यात गेला आणि डॉसनबाईंना घेऊन आला. तरुण गोरी बाई, हातात चामड्याची पेटी. आमचं घर म्हणजे एकच लांबडी खोली. अर्ध्या खोलीत माग आणि उरलेल्या अर्ध्यात आम्ही. बाईंनी पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या आणि मागाशेजारी जमिनीवरच मांडी ठोकली. संध्याकाळी मी झाले आणि आईही वाचली. मग बाई उठल्या त्या थेट मागावर जाऊन, खड्ड्यात पाय सोडून आप्पांच्या जागेवर बसल्या, आणि तांब्याभर गुळाचं पाणी प्यायल्या. विणकराच्या जागेवर दुसऱ्यानं बसायचं नसतं. आप्पांनी त्यांना बसू दिलं. पुढे कित्येक वर्षं मागावर बसताना ते आधी त्या बसायच्या पाटाला हात लावून नमस्कार करायचे.

बारशाला नारळ आणि खण घेऊन आप्पा दवाखान्यात गेले आणि त्यांनी बाईंचं आडनाव विचारून घेतलं. आमच्यात आडनाव म्हणजे भावकी. वडगाव असो, निपाणी असो, कुठेही बुगड निघाला की तो आपला. त्याच्या घरात सोयरीक करायची नाही, त्याचं कुणी गेलं की आपला माग बंद, आणि मातीला भावकीतल्या माणसानं हजर राहायचंच. पहिली मूठमाती भावकीची. जिवंतपणी एकमेकांचं तोंड बघितलं नसलं तरी चालतं, पण मातीला गेलं नाही तर चालत नाही. तेव्हा डॉसन म्हटल्यावर आप्पांनी सरळ हिशेब केला, की जगात जेवढे डॉसन तेवढे बाईंचे भाऊबंद.

पहिला डॉसन कॅम्पातल्या गोऱ्यांच्या दफनभूमीत सापडला. तिथला माळी मष्णू आप्पांच्या ओळखीचा. त्यानं सांगितलं, कोपऱ्यातल्या कबरीवरचं नाव पाद्रीसाहेब ‘डॉसन’ असं वाचतात. कोणी कॅप्टन होता, सत्तर वर्षांपूर्वी लढाईत पडलेला. आप्पा फुलं घेऊन गेले आणि येताना दवाखान्यात जाऊन बाईंना सांगून आले, की तुमच्या घराण्यातला एक शूर पुरुष इथेच झोपलाय. त्यानंतर आप्पांना थांबवणं कोणाच्या हातात राहिलं नाही. न्हाव्याच्या दुकानात वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं जायचं, तिथे ते दाढी नसली तरी जाऊन बसत. मुंबईला एक जज्ज डॉसन निघाले. घाटातल्या रानात फिरून नेच्यांच्या ऐंशी जाती शोधणारा एक डॉसन निघाला. एकजण उत्तरेच्या बर्फात गेला आणि पायाची तीन बोटं तिथेच ठेवून परत आला. एकानं दुर्बिणीतून शेंडेनक्षत्र सगळ्यांच्या आधी बघितलं, एक क्रिकेटच्या सामन्यात दीड दिवस बाद झाला नाही. दर नव्या डॉसनाबरोबर आप्पांचे डोळे मोठे होत. काय हे घराणं, असं म्हणून ते धोटा हातात धरून तसेच बसून राहत आणि आई स्वयंपाकातून ओरडे, की त्या बर्फातल्या डॉसनाला सांगा आमचं लुगडं पुरं करायला.

एकदा मोठीच पंचाईत झाली. विलायतेत एका डॉसननं बायकोला विष घातलं आणि तो फासावर गेला. आप्पा आठवडाभर न्हाव्याकडे फिरकले नाहीत. असा एखादा वाया गेलेला प्रत्येक घरात असतोच, पण त्या माउलीला कुठल्या तोंडानं सांगायचं, असं त्यांना झालं होतं. शेवटी त्यांनी तो डॉसन पोटातच ठेवला.

मी चौदा वर्षांची असताना मुंबईचे जज्ज वारले. आप्पांनी माग सोडला आणि मला बरोबर घेऊन उन्हातून तीन मैल चालत कॅम्प गाठला. दवाखान्याच्या पायरीखाली उभं राहून त्यांनी बाईंना बाहेर बोलावलं. "बाईसाब, सुतक आलंय," ते म्हणाले. "लांबचं हाय, आंगुळीनं फिटतं. पर आंगुळ हुईस्तंवर पेशंटला हात लावू नगासा."

बाईंनी विचारलं, कोण गेलं. आप्पांनी सांगितलं. बाई वळून आत गेल्या. मला वाटलं, आता आत नर्सांबरोबर हसत असतील. अर्ध्या तासानं त्या बाहेर आल्या तेव्हा डोक्यावरून न्हालेल्या होत्या. ओले केस मोकळे सोडून त्या व्हरांड्यात बसल्या आणि जज्जसाहेब कसे होते, ते आप्पांना विचारू लागल्या. आप्पांना जेवढं न्हाव्याकडे कळलं होतं तेवढं त्यांनी सांगितलं, आणि थोडं पदरचंही घातलं.

पुढे बाईंच्याच शब्दावर आप्पांनी मला शिकवलं. ट्रेनिंग कॉलेजात मी इंग्रजी वाचायला लागले आणि मला शिंगं फुटली. विलायतेत आडनावावरून नातं लागत नाही, हे मला तिथे कळलं. ते मी आप्पांना तोंडावर सांगितलं. आप्पा म्हणाले, पुस्तकात नसंल. मग मी ठरवलं, निदान बाईंची माफी तरी मागावी. एका रविवारी एकटीच दवाखान्यात गेले आणि म्हणाले, माझे वडील अडाणी आहेत, दर पंधरा दिवसांनी येऊन तुमचा वेळ खातात, मला लाज वाटते.

बाई पट्ट्या गुंडाळत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. त्यांनी सांगितलं, की त्यांना आईबाप नाहीत. तान्ह्या असताना कोणीतरी त्यांना एका पाववाल्याच्या दारात ठेवून गेलं होतं. पाववाल्याचं आडनाव डॉसन. त्यानं त्यांना अनाथालयात पोचवलं, तिथे वहीत नाव काय लिहायचं असं विचारलं तेव्हा स्वतःचं आडनाव दिलं, आणि तो निघून गेला. पुन्हा कधी आला नाही. "त्यामुळं माझं असं जगात कुणी न्हाय," बाई आमच्याच बोलीत म्हणाल्या, कारण मराठी त्या शहापूरच्या बाळंतिणींकडूनच शिकल्या होत्या. "तुझे आप्पा येत्यात आन् मला माझी मानसं सांगत्यात. मी पंधरा दिवस वाट बघते. त्यांना यातलं काय बी सांगू नकोस गं."

मी शब्द दिला आणि घरी आले. आप्पा माग चालवत होते. त्यांच्या पाठीकडे बघत मी बराच वेळ दारातच उभी राहिले. त्यानंतर मी त्यांची चेष्टा केली नाही, पण खरं सांगायचं तर मोठेपणाही दिला नाही. एक गुपित सांभाळते आहे, एवढाच माझा तोरा.

१९३१ च्या एप्रिलात, सकाळी सातच्या आत रवळू टांगा पळवत गल्लीत आला. डॉसनबाई पहाटे गेल्या होत्या. आठ दिवस ताप होता आणि त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. रवळू सांगत होता, की पाद्रीसाहेबांनी बाईंचे कागद धुंडाळले, पण विलायतेत कळवायचं तर कोणाला, याचा एक पत्ता मिळाला नाही. माती संध्याकाळी पाच वाजता होती.

आप्पांनी धोटा खाली ठेवला, मागावर कापड टाकलं आणि अंगात सदरा घातला. मला म्हणाले, चल, निपाणीला जायचंय. निपाणीपलीकडे वेदगंगेवर पुलाचं काम चाललं होतं आणि तिथला इंजिनिअर डॉसन होता. हा त्यांचा सगळ्यात नवा डॉसन, महिन्यापूर्वीचाच. बाईंना त्याची बातमी त्यांनी नुकतीच पोचवली होती. "बाईला पयली माती भावकीची पडाया पायजे," ते म्हणाले. "बेवारस जाऊ द्याची न्हाय."

मला खरं माहीत होतं. त्या क्षणी सांगितलं असतं तर आप्पा थांबले असते आणि पंचेचाळीस मैलांवरची फजिती टळली असती. पण बाईंना दिलेला शब्द होता, आणि आप्पा दाराबाहेर पडलेही होते. मी पायात चपला घातल्या.

सर्व्हिस मोटार काकती, हत्तरगी, संकेश्वर करत निपाणीला पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. तंबाखूच्या वासानं डोकं जड झालेलं. तिथून टांग्यानं नदीवर गेलो. आप्पा टांग्यातून उतरले आणि जागच्या जागी थबकले. कोरड्या पात्रात दगडी खांब एकामागून एक उभे होते आणि वर दोन कमानी पुऱ्या झाल्या होत्या. शंभर माणसं दगड वाहत होती. इतक्या घाईतही आप्पांनी हात जोडले. हे डॉसनांचं काम, असं ते माझ्याकडे वळून म्हणाले, जसं काही मी शंका घेतली होती.

ओव्हरसियर बाहुबली नावाचे निपाणीचे जैन गृहस्थ होते. त्यांनी आमचं ऐकून घेतलं, डोकं हलवलं आणि आम्हाला साहेबांच्या तंबूपाशी नेऊन सोडलं. डॉसनसाहेब पन्नाशीचे, उन्हानं तांबडे झालेले, ओठ घट्ट मिटलेले. मी इंग्रजीत सांगितलं, की बेळगावात तुमच्या भावकीतल्या डॉक्टरबाई वारल्या, पाच वाजता माती आहे, आणि माझे वडील तुम्हाला न्यायला आलेत. भावकीला मी कुटुंब म्हटलं. दुसरा शब्द मला येत नव्हता.

साहेबांनी नकाशावरून मान वर केली. ते तुटकपणे म्हणाले, की बाई गेल्याचं त्यांना वाईट वाटतं, पण त्यांचा काही संबंध नाही. त्या बाईचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. विलायतेत हजारो डॉसन आहेत, एवढं तुझ्या वडिलांना समजावून सांग, असं म्हणून ते पुन्हा नकाशाकडे वळले.

मी जसंच्या तसं आप्पांना सांगितलं. वीस वर्षांचा त्यांचा डोलारा आता कोसळणार, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. आप्पा सावकाश म्हणाले, "हजारो हाईत?" आणि थोड्या वेळानं, "मग तर लईच वंगाळ झालं. हजारो डॉसन हाईत, आन् बाईच्या मातीला येक बी न्हाय?"

साहेबांनी विचारलं, काय म्हणतोय तो. मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. आणि मग, कोणी विचारलं नसताना, मी पुढचंही बोलून गेले. पाववाल्याचं दार, अनाथालयाची वही, आणि दर पंधरा दिवसांनी शहापुराहून चालत येऊन तिला तिची माणसं सांगणारा हा विणकर. आप्पांना इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून मला सांगता आलं. व्याकरणाचं वाटोळंच झालं असणार.

साहेब उठून तंबूच्या तोंडाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून पुलाकडे बघत राहिले. खाली छिन्न्यांचा आवाज चालू होता. मग त्यांनी माती किती वाजता आहे ते पुन्हा विचारून घेतलं, घड्याळ बघितलं, आणि बाहुबलींना हाक मारून काम सोपवलं. पेटीतून काळा कोट काढून त्यांनी झटकला. त्या उन्हात तो कोट अंगात घालून ते मोटारीत बसले, आणि आप्पांना त्यांनी पुढे आपल्या शेजारी बसवलं.

वाटेत त्यांनी मला विचारलं, तुझ्या वडिलांनी कोणकोण डॉसन शोधले. मी आप्पांना विचारलं. संकेश्वरापासून काकतीपर्यंत आप्पा सांगत होते आणि मी इंग्रजीत करत होते. कॅप्टन, जज्ज, नेचेवाला, बर्फातला, शेंडेनक्षत्राचा. क्रिकेटवाल्याचं नाव निघालं तेव्हा साहेब म्हणाले, त्याला मी खेळताना बघितलंय, लहान होतो. आप्पांनी मान डोलावली. भावकीतल्या माणसानं बघितलेला असणारच. शेवटी धीर करून त्यांनी विष घालणारा डॉसनही सांगून टाकला, जो त्यांनी बाईंपासून लपवला होता. साहेब पहिल्यांदा हसले. प्रत्येक घरात असा एखादा असायचाच, असं ते म्हणाले, आणि हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काचेकडे तोंड फिरवलं.

पाचाला दहा मिनिटं कमी असताना आम्ही दफनभूमीत पोचलो. मला वाटलं होतं, पाचसहा माणसं असतील. फाटकापासून कबरीपर्यंत बायाच बाया उभ्या होत्या. शहापूर, वडगाव, पार पिरनवाडीपासूनच्या. कोणाच्या कडेवर पोर, कोणाच्या हाताशी. आई सगळ्यांच्या पुढे होती. काळ्या कोटातला साहेब बघून बायांनी आपोआप वाट दिली. रवळूनं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की कल्लाप्पा भावकी आणायला गेलाय.

पाद्रीसाहेबांनी साहेबांना हळू आवाजात काहीतरी विचारलं. साहेबांनी एका शब्दात उत्तर दिलं. मी लांब होते, मला ऐकू आलं नाही. पाद्रींनी वाकून वहीत काहीतरी लिहिलं.

शवपेटी खाली गेली. साहेबांनी टोपी काढली, वाकून मूठभर माती घेतली, आणि मग मागे वळून बघितलं. आप्पा दहा पावलं मागे, बायांच्या रांगेत जाऊन उभे राहिले होते. भावकी आणून उभी करणं एवढंच त्यांचं काम होतं. आम्ही बुगड, पहिल्या मातीवर आमचा काय हक्क. साहेब त्यांच्यापर्यंत चालत गेले. त्यांचं मनगट धरून त्यांनी त्यांना कबरीपाशी आणलं, आणि आपल्या मुठीतली अर्धी माती त्यांच्या हातात ओतली. दोघांनी ती एकदमच टाकली. मी आजवर पुष्कळ मोठी माणसं बघितली, सभांतून लांबून बघितली, काहींची भाषणं तर तोंडपाठ होती. पण माणूस केवढा मोठा असू शकतो, ते मी त्या संध्याकाळी बघितलं, आणि एकदम दोन बघितले.

फाटकाबाहेर साहेबांनी विचारलं, आता तुमच्यात काय करतात. आप्पा म्हणाले, आंगुळ. मष्णूनं विहिरीवरून बादली आणली. साहेबांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि सदऱ्यासकट डोक्यावरून बादली ओतून घेतली. मग कोट परत घेऊन तसेच निथळत मोटारीत बसले आणि निपाणीच्या रस्त्याला लागले. आप्पांनी दहा दिवस माग बंद ठेवला. आईनं या वेळी एक शब्द काढला नाही.

वर्षभरानं मष्णूचा निरोप आला, की बाईंच्या कबरीवर दगड बसलाय, निपाणीच्या साहेबांनी गाडीतून पाठवला. पूल तोवर पुरा झाला होता आणि साहेब दुसरीकडे कुठे बदलून गेले होते. मी आणि आप्पा सकाळीच गेलो. साधा काळा दगड, पुलाच्या खांबांना होता तसलाच. आप्पांनी धोतराच्या सोग्यानं त्याच्यावरची धूळ पुसली आणि मला म्हणाले, वाच.

मी वाचलं. मार्गारेट डॉसन, डॉक्टर. बेळगावात एकवीस वर्षं. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. ती मी आधी मनात वाचली, मग पुन्हा वाचली, कारण माझा विश्वास बसेना.

"काय लिवलंय खाली?" आप्पांनी विचारलं.

"हा दगड तिच्या भावानं बसवला," मी म्हणाले. "तिच्या भावानं. हेन्री डॉसननं."

आप्पांना जराही नवल वाटलं नाही. ते उकिडवे बसले आणि त्यांनी दगडावर हात ठेवला. मला पाववाला आठवत होता, दारात ठेवलेलं पोर आठवत होतं, आणि डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबत नव्हतं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, थोडी कीव होती.

"येवडी शिकलीस चंपा," ते म्हणाले, "पर तुला भावकी वळकाया आली न्हाय."

"व्हय आप्पा," मी म्हणाले. "न्हाय आली."